दाराची लढाई, इ.स. ५३० : पटावरील मांडणीच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार

रोमन आणि इराणी यांच्यातली एक लढाई मिनिएचरांसह, म्हणजे छोट्या सैनिक-प्रतिमांसह, पटावर साद्यंत मांडायची, हा बेत बरेच दिवस मनात होता. ती लढाई कोणती, हे आज नक्की केले. इ.स.पू. ५३ मधील कार्हेच्या लढाईचा विचार आधी केला होता. पण तिथे प्रतिपक्ष पार्थियन आहे आणि रोमनांची बाजू घेणाऱ्याला घेरले जाऊन बाण झेलण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. इ.स. २६० मध्ये एडेसाजवळ सम्राट व्हॅलेरियन पार्थियनांनंतरच्या ससानी इराणी राज्याच्या हाती सापडला, परंतु त्या लढाईची मांडणी उभी करता येईल इतका तपशील हाती नाही. रोमन-इराणी सरहद्दीवरच्या दारा शहराजवळच्या लढाईचे तसे नाही. सेनापती बेलिसॅरियसचा सचिव प्रोकोपियस याने कोणती तुकडी कोठे उभी होती, तिचा नायक कोण आणि कोणत्या क्षणी कोण कोठे सरकले, हे इतक्या बारकाईने लिहून ठेवले आहे की त्याचा मजकूर समोर ठेवून पट आखता येतो.

प्रसंग थोडक्यात असा आहे. निसिबिस हे मोक्याचे शहर इ.स. ३६३ मध्ये रोमनांच्या हातून गेल्यावर सरहद्दीवर त्यांना मोठे ठाणे उरले नव्हते, म्हणून सम्राट अनास्टेसियसने इ.स. ५०५ पासून दाराची तटबंदी उभारली. निसिबिसपासून ते साधारण १८ किलोमीटरांवर होते, आणि इतक्या जवळचे ठाणे इराणला कायम सलत राहिले. इ.स. ५३० मध्ये शहेनशाह कवाधची फौज पेरोझेसच्या हाताखाली दारावर चालून आली. प्रोकोपियसच्या हिशोबाने इराणी आधी ४०,००० होते, नंतर निसिबिसहून आणखी १०,००० आले; रोमन २५,००० होते. निम्म्या बळावर बेलिसॅरियस तटाआड न बसता वेशीपासून धोंडा फेकण्याच्या अंतरावर खंदक खणून उघड्यावर उभा राहिला. ते का आणि कसे साधले, हे पटावर हाताने करून पाहायचे आहे.

१५ जून

प्रमाण ठरवण्यात आजचा सगळा दिवस गेला. मिनिएचर १५ मिलिमीटरची आणि बेस (ज्यांवर ती गटाने चिकटवतात त्या पट्ट्या) ४० मिलिमीटर रुंदीचे राहतील, आणि नियमांचा पाया डीबीए या प्राचीन लढायांच्या खेळाच्या नियमावलीचा असेल. हे नियम मला पाठ आहेत. शिवाय त्यांत दर पाळीला एक फासा टाकून जितके आकडे पडतील तितकेच हुकूम सोडता येतात. इतक्या मोठ्या आघाडीवर सेनापतीचा आवाज किती ठिकाणी पोहोचू शकतो, या प्रश्नाला मला माहीत असलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे.

एका बेसला सुमारे १,००० माणसे धरली की रोमन बाजू २५ बेसांच्या आसपास बसते, पण लगेच एक पेच उभा राहतो. प्रोकोपियस ज्यांना मॅसॅगेटाई म्हणतो त्या हूण स्वारांच्या दोन टोळ्या प्रत्येकी ६०० च्या होत्या, आणि फरास या नायकाचे हेरूल जमातीचे स्वार तर अवघे ३०० होते. निव्वळ संख्येने मोजले तर ते पटावर दिसणारच नाहीत, आणि लढाई फिरवली ती त्यांनीच. म्हणून संख्या सोडून कामगिरी मोजायची, असे ठरवले. हूणांना दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन आणि हेरूलांना एक बेस दिला. अंतिम यादीत रोमन २३ बेस आणि इराणी ३५ बेस आले. माणसे मोजली तर रोमन ७१ आणि इराणी १२५, म्हणजे रंगवायला एकूण १९६.

२२ जून

पट १८० × १२० सेंटिमीटरचा आहे आणि तो ३० सेंटिमीटरच्या २४ चौकोनी फरशांत विभागला आहे. जमिनीच्या वर रचलेला खंदक डोळ्याला बांधासारखा दिसतो, तो खाली खोल गेलेलाच हवा; म्हणून थर्माकोलच्या जाड पाट्या घेऊन त्यांत तो गरम तारेने कापला. फरशा सुट्या ठेवण्यामागे दुसरे कारण आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचे वाटते. खंदक सरळ नव्हता, हे प्रोकोपियस स्पष्ट सांगतो. मध्ये एक आखूड सरळ भाग होता, त्याच्या दोन्ही टोकांना काटकोनात दोन आडवे खंदक होते, आणि त्यांच्या टोकांपासून पुन्हा दोन्ही बाजूंना लांबवर सरळ खंदक गेले होते. मधला भाग शत्रूच्या दिशेने पुढे आला होता की तटाच्या दिशेने मागे सरला होता, हे मात्र तो सांगत नाही. अभ्यासकांनी काढलेल्या आराखड्यांत दोन्ही आकार आढळतात. फरशा सुट्या असल्याने दोन्ही मांडून पाहता येतील.

आज एक नुकसान झाले, ते नोंदवून ठेवतो. कोपऱ्याच्या दोन फरशांवर मी थेट स्प्रेचा तपकिरी रंग मारला. त्यातल्या द्रावकाने थर्माकोल खाल्ला आणि नीट कापलेल्या कडा दहा मिनिटांत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या झाल्या. त्या दोन्ही टाकून नव्या कापल्या. उरलेल्या सगळ्या फरशांना आधी फेव्हिकॉल आणि बारीक चाळलेली वाळू यांचा थर दिला, तो रात्रभर वाळू दिला आणि मग कुंचल्यानेच पाण्यातला रंग लावला. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्याला आम्ही गोणपाटावर चिकणमातीचा लेप द्यायचो, त्याच हाताने हे काम झाले, आणि मातीचा पोतही तसाच आला.

६ जुलै, आषाढी एकादशी

पावसामुळे हवा इतकी ओलसर आहे की स्प्रे प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारला तर मिनिएचरांवर पांढुरकी पूड धरते, त्यामुळे सगळा प्रायमर हातानेच लावला. वेळ तिप्पट गेला, पण चेहरे बुजले नाहीत. आजपर्यंत ८४ झाली.

रोमन स्वारांवर थोडे अधिक लिहायला हवे. आपल्या काळच्या धनुर्धारी स्वाराचे वर्णन प्रोकोपियस ग्रंथाच्या आरंभीच करतो : अंगात चिलखत, पायांना गुडघ्यापर्यंत संरक्षण, उजव्या बाजूला बाण, डाव्या बाजूला तलवार, काहींकडे भालाही आणि खांद्यावर मुठीवाचून अडकवलेली लहान ढाल. दोन हात मोकळे ठेवून, घोडा भरधाव असताना डावी-उजवीकडे बाण सोडणारा हा माणूस जुन्या काळच्या पायदळी रोमन सैनिकाहून पूर्णपणे वेगळा आहे. माझ्याकडे आलेल्या संचात नऊ स्वारांचे भाते डाव्या बाजूला ओतलेले होते. ते पात्याने कापून उजवीकडे चिकटवले, सांध्यावर पुट्टी भरली, आणि डाव्या मांडीवर उरलेला व्रण तलवारीच्या म्यानाखाली झाकला. एका भात्याला पाऊण तास लागला. पटापासून दोन हातांवर उभ्या राहिलेल्या कोणालाही हा फरक दिसणार नाही, पण मला तो माहीत आहे, आणि हे नऊ स्वार आता बेलिसॅरियसच्या काळचे आहेत.

इराणी पायदळ पटकन उरकले. प्रोकोपियसने रोमन सेनापतींच्या तोंडी घातलेल्या भाषणानुसार ते तट खणायला आणि मेलेल्यांच्या अंगावरचे काढून घ्यायला आणलेले दीनवाणे शेतकरी होते. शत्रूच्या पक्षाचा माणूस बोलतो आहे हे लक्षात ठेवूनही, ढालीआड उभे राहण्यापलीकडे त्यांनी त्या दिवशी फार काही केल्याचे दिसत नाही. सगळ्यांना मातकट अंगरखे दिले.

१३ जुलै

पहिला डाव झाला. इराणी बाजू मामेभावाने घेतली, रोमन मी. डाव साडेतीन तास चालला आणि काहीही निकाल न लागता थांबला.

कारण दुसऱ्याच पाळीत कळून चुकले. प्रत्यक्ष लढाईत फरासने स्वतः होऊन सुचवले होते की आपले ३०० हेरूल डाव्या बगलेच्या टेकडीआड दडवावेत आणि इराणी चढून आले की त्यांच्या पाठीवर पडावे. डीबीएच्या नियमांत याचा परिणाम अगदी नेमका उतरतो. झुंजीत ज्याची बेरीज कमी पडते तो बेस मागे सरकतो, आणि पाठीशी शत्रू उभा असल्यामुळे मागे सरकायला जागा नसेल तर तो जागीच नष्ट होतो. एका लहानशा बेसने अख्खी फळी कशी कोसळते, ते त्यावरून समजते. पण मामेभावाने प्रोकोपियस वाचलेला आहे. तो मीच त्याला दिला होता. टेकडीमागे कोण आहे हे त्याला ठाऊक असल्याने त्याने उजवी बगल पुढे काढलीच नाही. पेरोझेसला जे ठाऊक नव्हते ते ठाऊक असलेला माणूस पेरोझेसच्या जागी बसला, की ती लढाई दाराची राहत नाही.

१४ जुलै, रात्री

कालच्या डावाबद्दल अजून विचार चालू आहे. पेरोझेस उतावळा किंवा मूर्ख होता, असे मला वाटत नाही. दाराच्या लोकांनी हमाम तयार ठेवावा, उद्या मी आत येऊन स्नान करणार आहे, असा निरोप त्याने बेलिसॅरियसला पाठवला होता, आणि त्यावरून त्याला घमेंडखोर ठरवणे सोपे आहे. पण रणांगणावर त्याने जे केले ते विचारपूर्वक होते. त्याने निम्मी फौजच पुढे उभी केली आणि उरलेली मागे ठेवली, म्हणजे दमलेल्यांच्या जागी ताज्या दमाचे आळीपाळीने जात राहतील. ‘अमर’ म्हणवणारी निवडक तुकडी त्याने हुकमाशिवाय हलू दिली नाही. इराणी संध्याकाळकडे जेवतात आणि रोमन दुपारच्या आत, हे जाणून त्याने हल्ला मध्यान्हीनंतर केला, म्हणजे शत्रू उपाशीपोटी लढेल. यांतली एकही गोष्ट चुकीची नाही. म्हणून त्याला जिंकण्याची खरीखुरी संधी हवी आणि त्याच्यापुढे तोच अंधारही हवा; तसा डाव बसवण्यातच या प्रकल्पाचा सगळा अर्थ आहे.

२० जुलै

नियमांची दुरुस्ती पूर्ण झाली. सोसायटीतल्या एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी पंच व्हायचे मान्य केले. आम्ही सगळे त्यांना सर म्हणतो. पंचावाचून पुढचे काहीच शक्य नव्हते.

हेरूल कोठे आहेत, हे रोमन खेळाडू डावाआधी चिठ्ठीवर लिहून सरांकडे देईल. त्याला तीन जागा मोकळ्या आहेत : टेकडीमागे, रोमन नायक बूझेस याच्या डाव्या फळीमागे राखीव, किंवा मधल्या खंदकाआड. इराणी खेळाडूही ‘अमर’ कोणत्या बगलेवर सुटतील ते आधीच लिहून देईल, आणि एकदा सोडल्यावर त्यांना परत बोलावता येणार नाही. इराणी दुसऱ्या फळीतला बेस पहिल्या फळीतल्या बेसशी एका हुकमात बदलता येईल.

बाणांच्या नियमावर आमची बरीच चर्चा झाली. इराणी बाण भराभर सोडतात, पण त्यांची धनुष्ये फारशी ताणलेली नसल्याने चिलखतावर ते बोथट ठरतात, असे प्रोकोपियस दुसऱ्या एका लढाईच्या वेळी सांगतो. आणि दाराच्या दिवशी तर वारा रोमनांकडून इराण्यांच्या तोंडावर वाहत होता. म्हणून इराण्यांना पाळीत दोनदा बाण सोडता येतील, मात्र प्रत्येक वेळी बेरजेतून एक वजा होईल. उपाशीपोटी लढण्याचा नियम करून पाहिला आणि काढून टाकला, कारण त्यामुळे केवळ आकडेमोड वाढली.

२७ जुलै

दुसरा डाव मुख्यतः खंदकाच्या आकारासाठी होता. आधी मधला भाग तटाकडे मागे सरलेला मांडला. सुनिकास आणि ऐगन यांचे ६०० हूण आडव्या खंदकाच्या कोपऱ्यात खंदकाबाहेर उभे होते, असे मजकूर सांगतो. पण या मांडणीत त्यांना आधार देणारा कोपराच सापडत नाही. पित्याक्सीसची इराणी उजवी बगल पुढे सरकली की ते तिच्या थेट तोंडावर येतात आणि हलके स्वार असल्याने दोन पाळ्यांत उधळले जातात. तसेच झाले.

मग सरांच्या सूचनेवरून सहा फरशा काढून मधला भाग शत्रूकडे पुढे आलेला लावला. चित्र एकदम पालटले. आडवा खंदक आणि बाजूचा सरळ खंदक यांच्यामध्ये शत्रूच्या अंगाला एक खोबण तयार झाली. त्या खोबणीत हूण उभे केले की त्यांची एक बाजू खंदकाने राखली जाते, आणि बूझेसला रेटत पुढे गेलेल्या इराण्यांची डावी बगल आपोआप त्यांच्या समोर उघडी पडते. प्रत्यक्षात घडले तेही हेच : बूझेसची फळी मागे हटली, सुनिकास आणि ऐगन बगलेवर तुटून पडले, पाठीवर हेरूल आले, आणि इराण्यांचे ३,००० पडले. पटावरच्या प्रयोगाने इतिहासाचा प्रश्न सुटत नाही, हे मान्य आहे. तरीही ‘कोपऱ्यात’ हा शब्द मला आता याच आकारात समजतो, आणि पुढचे डाव याच मांडणीवर होतील.

१० ऑगस्ट

खंदक ओलांडायच्या वाटा बसवल्या. आइस्क्रीमच्या काड्या कापून, तपकिरी वॉश (पातळ रंगाचा हात) देऊन, एकूण नऊ केल्या. खंदकावर अनेक वाटा सोडल्या होत्या, असे मजकुरातच आहे. इराणी डाव्या बगलेचा नायक बारेस्मानास याच्या एका डोळ्यावर काळी पट्टी रंगवली; तो एकाक्ष होता.

१७ ऑगस्ट

तिसरा डाव. हा सविस्तर लिहितो.

सरांनी आरंभी हमामाचा निरोप वाचून दाखवला आणि दोन्ही चिठ्ठ्या घेतल्या. मी हेरूलांची जागा ‘बूझेसच्या मागे, राखीव’ अशी लिहिली होती. टेकडीमागे कोणीही नव्हते. मामेभावाने पहिल्याच पाळीत उजव्या बगलेवरचे दोन बेस टेकडीच्या पायथ्याशी नेऊन उभे केले. माझ्या चेहऱ्यावरून काही कळू नये म्हणून मी खंदकाच्या वाटा मोजत राहिलो.

बाणांच्या तीन पाळ्यांत इराण्यांना एकच बेस टिपता आला. मग पित्याक्सीस चार बेस घेऊन बूझेसवर आला आणि बूझेस खंदकापलीकडे रेटला गेला. सुनिकासने खोबणीतून बगल धरली. मागच्या फळीने वाट अडवल्यामुळे इराण्यांचे दोन बेस जागीच गेले, तिसरा बदलून आलेला ताजा बेसही टिकला नाही, आणि पडलेली भोके हेरूलांनी भरली. इथवर सगळे बेलिसॅरियसच्या बाजूने होते.

त्याच पाळीत सरांनी दुसरी चिठ्ठी उघडली. ‘अमर’ डावीकडे सुटले. प्रत्यक्षातही पेरोझेसने त्यांना गुपचूप डावीकडेच पाठवले होते. बारेस्मानासचे सहा बेस आणि अमरांचे चार, असा दहांचा लोंढा माझ्या उजव्या फळीवर आला. तिथल्या रोमन नायकांपैकी जॉनचा आणि सिरिलचा बेस गेला, उरलेले तीन तटाकडे पळू लागले. सुनिकासला डावीकडून उजवीकडे आणणे एवढा एकच उपाय होता, आणि मला फाशावर एक पडला. त्या एका हुकमात तो मधल्या खंदकाआडच्या वाटेवर येऊन थांबला. आणखी एक अशी पाळी गेली असती, तर इराणी वेशीला भिडले असते. इतिहास मला पाठ होता, पण त्या क्षणी त्याचा उपयोग नव्हता. सगळे पुढच्या फाशावर होते.

पुढच्या पाळीला पाच पडले. सुनिकास डावीकडून, उजव्या कोपऱ्यातल्या हूणांचे नायक सिमास आणि अस्कान समोरून, आणि मागून बेलिसॅरियसचे खास स्वार, असे तिन्ही मिळून पाठलागात लांबलेल्या इराणी रांगेच्या मध्यावर पडले आणि ती दुभंगली. बारेस्मानासचे मूळ गुण तीन. बगल धरल्याचा एक आणि शेजारून दाब आल्याचा एक वजा होऊन उरला एक. त्याला फाशावर दोन पडले, म्हणजे तीन. सुनिकासचे मूळ गुण दोन, फासा चार, म्हणजे सहा. दुप्पट झाल्यामुळे बारेस्मानासचा बेस पटावरून उचलला गेला. प्रोकोपियसच्या मजकुरातही सुनिकासने आधी त्याच्या निशाणदाराला आणि मग त्याला स्वतःला मारले, आणि इराण्यांचे ५,००० तिथे पडले. तो नायक पडल्यावर इराणी पायदळाने ढाली टाकल्या. आमच्या नियमानेही त्या टाकल्या गेल्या. रोमन ५ बेस गेले, इराणी १२. पाठलाग मी तिथेच थांबवला, बेलिसॅरियसने आणि त्याचा सहसेनापती हर्मोजेनीस याने थांबवला होता तसा.

मग सरांनी माझी चिठ्ठी उघडून पटावर ठेवली. मामेभाऊ ती वाचून काही वेळ टेकडीकडे पाहत राहिला. “दादा, म्हणजे टेकडीमागे कोणीच नव्हतं? माझे दोन बेस पूर्ण डाव रिकाम्या टेकडीसमोर उभे होते?” ते दोन बेस डावीकडे राखीव असते, तर सुनिकासला अमरांपर्यंत पोहोचताच आले नसते, असे त्याचे म्हणणे. फासे आठवून आम्ही ती पाळी पुन्हा मांडून पाहिली. त्याचे म्हणणे बरोबर आहे.

२४ ऑगस्ट

बुधवारी गणपती बसणार असल्याने हॉल रिकामा करायचा आहे, म्हणून आज पट आवरला. फरशांच्या मागे क्रमांक घातले, मिनिएचर सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यांत भरली, आणि एका हूण स्वाराचा मोडलेला भाला बदलला. नियमांत एकच दुरुस्ती केली : टेकडीकडे पाठवलेला इराणी बेस माथ्यावर चढला, तर सरांनी त्याच्या कानात खरे काय ते सांगायचे. पायथ्याशी उभे राहून काहीच कळत नाही, हा मामेभावाचा आक्षेप रास्त होता.

पुढच्या डावात बाजू बदलणार आहेत. पेरोझेस मी होईन. मामेभावाने हेरूलांची चिठ्ठी आजच लिहून, चार घड्या घालून सरांकडे दिली, आणि सरांनी ती चष्म्याच्या घरात ठेवली.